घोट्याची पट्टी आणि नरसीचा खराटा

मी नवसांविरुद्ध बोलत वाढले. आमच्या घरात देवाच्या फोटोपेक्षा वडिलांच्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकांचा गठ्ठा उंच होता. अक्षरओळखही मला त्यांवरूनच झाली. म्हणून हे लिहिताना हात अडखळतो. पण जे घडलं ते लपवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

आईच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला वर्षभर जखम होती. आमच्या गावी, कुरुंद्यात, हळद शिजवण्याच्या हंगामात ती दिवस-दिवस कढईपाशी उभी राहत आली, त्यात पायाची ही गत झाली. रोज सकाळी ती जखमेत आमच्याच शेतातली हळद भरायची. मीही भरली. अंधश्रद्धेवर तावातावाने बोलणाऱ्या मला घरच्या हळदीवर शंका घ्यायचं सुचलंच नाही.

शेवटी हिंगोलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पिवळी खपली धुऊन काढली, पावलाची नाडी तपासली. म्हणाले, "शिरांतलं रक्त वर चढत नाही, खाली साचतं. हळद त्याला काय करणार?" मग नर्सबाईंनी पांढऱ्या, जस्ताच्या औषधात भिजलेली ओली पट्टी बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत गुंडाळली. वाळल्यावर ती पायाला बुटासारखी घट्ट बसली. आठवडाभर सोडायची नाही, भिजवायची नाही. चालायचं, आणि बसलं की पाय उंच ठेवायचा. बोटं निळी पडली किंवा कळ वाढली, तर मात्र लगेच यायचं.

चौथ्या दिवशी एकादशी होती. आईचा नवस होता, या पायासाठी नरसीला नामदेव महाराजांच्या देवळाचं अंगण झाडायचा. ती खराटा घेऊन निघाली, मी चिडत मागे. देवळाच्या पायरीवर बसून ती पट्टीचं टोक शोधू लागली.

"असा पाय बांधून देवाचं अंगण झाडू का? आन् बसलं की पाय वर करा म्हनत्यात. देवापुढं पाय वर करू?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, आई."

"डॉक्टरला नवस न्हाई केला मी."

मी पत्रकातली वाक्यं तिला जशीच्या तशी ऐकवली. तिने वीतभर पट्टी सोडली. तेव्हा, कधीच हात न जोडणाऱ्या मी मनात म्हटलं, हिला कुणीतरी थांबवा. कुणाला म्हटलं, आजही सांगता येत नाही.

दारापाशी भक्तांच्या चपला सांभाळणारी एक बाई उठून आली. "काहून सोडून राहिल्या, माय?" आईने सांगितलं. बाईने आपलं लुगडं वर सरकवलं. घोट्याच्या वर काळसर, कोरडा डाग होता. "अशीच पट्टी होती. खाज सुटली म्हनून मी फाडली. मग पुन्ना पयल्यापासून सगळी तकलीफ."

"पन माझा नवस?"

बाईने तिच्या हातातला खराटा काढून माझ्या हातात दिला. "ही लेक तुमचीच ना? मघापासून तोंड चालवून राहिली, आता हात चालवू द्या." आई हसली. मग बाईने आईला आडवं वळवून बसवलं, टाचेखाली घडी केलेलं पोतं ठेवलं, पाय गल्लीकडे. "देवाकडं पाय न्हाई, पाठ बी न्हाई. बराबर?"

"बराबर," आई म्हणाली.

मी अनवाणी झाडत राहिले. आईने मला रागावून कधी जिंकलं नव्हतं. त्या दिवशी ती नुसती बघत होती आणि मी झुकत होते. नवस फेडण्याची रीत सोडायला तिला जेवढं बळ लागलं, तेवढं मला माझी जीभ आवरायला लागलं नाही. सुटलेलं टोक आम्ही रुमालाने बांधलं. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी पट्टी नव्याने बांधली. पुढे आठवड्यामागून आठवडे आईने ती एकदाही स्वतः सोडली नाही. मला तिच्या त्याच गोष्टीचा सगळ्यांत जास्त अभिमान वाटतो.

जखम भरली. आता आई डॉक्टरांनी दिलेला घट्ट मोजा घालते. हा चमत्कार होता की पट्टीचा गुण, यावर मी वाद घालत नाही. मागितलेली मदत आली, एवढं मी मान्य करते आणि हात जोडते.

परवा पुन्हा नरसीला गेलो. चपला सांभाळणाऱ्या त्या बाईने आमच्या चेहऱ्यांआधी आईचा घोटा ओळखला. तेवढ्यात पायाला फडकं बांधलेली एक म्हातारी लंगडत आली. फडक्याच्या कडेला पिवळा डाग होता. आई तिच्याशेजारी बसली, लुगडं वर केलं, मोजा खाली सरकवला आणि म्हणाली, "हळद भरली ना? आमी बी भरली व्हती."

मी कुणी न सांगता खराटा उचलला.