कलमवाल्याच्या अंगणातली मोसंबी

समुद्राकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत मोसंबीचं झाड नाही असं घर शोधून सापडलं नसतं, आणि प्रत्येक झाड कलमवाल्याच्या हातचं. "खाऱ्या वाऱ्यात मोसंबी जगवून दाखवावी कुणीही!" हे चाळीस वर्षं ऐकवून त्यानं लोकांचे कान किटवले होते. फांदीवरचा डोळा, म्हणजे कोवळा अंकुर, सालीसकट अलगद काढायचा, दुसऱ्या रोपाच्या बुंध्यात, म्हणजे खुंटात, बसवायचा आणि पट्टीनं घट्ट बांधायचा. पैसे घेत नसे, चहा मात्र दोन कप. डोळे ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचा. कुठून आणले विचारलं तर म्हणायचा, "मुकाट्यानं फळं खा की!"

गुपित कसलं आलंय, ते त्याच्याच अंगणातल्या झाडाचे असायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोनं बी टोचून वाढवलेलं झाड. पुढे घरात मूल झालं नाही, तेव्हापासून दोघांचा सगळा जीव त्या झाडात.

यंदा गल्लीतली झाडं वाळायला लागली. आधी शिंप्याचं, मग शाळेतल्या बाईंचं, मग एकेक करत सगळीच. पानं पिवळी पडली, फळं लिंबाएवढीच राहिली. शेतीखात्याची तपासनीस येऊन सालीचे तुकडे घेऊन गेली आणि पंधरा दिवसांनी परत आली.

"रोग डोळ्यांतून आलाय, वर्षानुवर्षं दबून होता, यंदा उफाळला," ती गल्लीत सगळ्यांसमोर म्हणाली. "बीपासून वाढलेलं झाड तो पोटात ठेवून हिरवंगार राहतं, मरतात ती त्याची कलमं. कुठल्या झाडाचे डोळे होते?"

सगळ्यांनी कलमवाल्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर अंगणातलं झाड जाणार.

"बाहेरच्या रोपवाटिकेतले," तो म्हणाला.

एवढा बोलघेवडा माणूस, दोन शब्दांत आटोपला! आणि लोक तरी किती भाबडे, कुणी उलट विचारलं नाही. खात्याच्या हुकमानं झाडं तोडली गेली आणि आठवड्याभरात गल्ली बोडकी झाली. तो घरोघरी जाऊन कापणाऱ्यांना मदत करत होता. बायकोनं त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि आत निघून जायची.

महिन्याभरानं शिंपीण आली. हातात डबा, डब्यातल्या मातीत पेन्सिलीएवढा खुंट.

"दादा, एक तुमचं तेवढं वाचलं बघा. त्याचाच डोळा यात बसवून द्या. नातीला फळं फार आवडतात."

त्यानं सवयीनं चाकू उघडला, फांदी वाकवली, डोळ्याखाली पातं टेकवलं. मग चाकू मिटला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"वहिनी, रोग याच झाडाचा आहे," तो म्हणाला. "सगळ्यांकडे इथूनच गेला. मी खोटं बोललो."

शिंपिणीनं डबा उचलला.

"आमचं कापताना फांद्या तुम्हीच धरल्या होत्या, दादा," एवढंच ती म्हणाली आणि चालू लागली.

तो झाडाखालीच बसला. लाज वाटत होती आणि रडूही येत होतं, आधी काय करावं ते कळत नव्हतं. बायकोनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं. ती मोठी करवत घेऊन बाहेर आली आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"उठा," ती म्हणाली, "ते टोक धरा."

झाड फळांनी लगडलं होतं.