कलमांची माती

मुलगा बोटीवर नोकरीला लागला तेव्हा एक काचेची पेटी घरी ठेवून गेला. पेटीत टॅरंटुला, म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. मादी होती. मी म्हटलं, "घरात एवढे कोळी फुकट फिरतात, त्यात हा विकतचा कशाला?" पण बायकोने पेटी खिडकीजवळच्या कपाटावर ठेवली आणि पुढची चार वर्षं तिची उस्तवार केली. आठवड्याला एक झुरळ आणि झाकणाएवढ्या बशीत पाणी. मी कुरकुरलो की म्हणायची, "तुमच्यापेक्षा कमी खाते, आणि टीव्हीचा आवाज वाढवत नाही."

गेल्या आषाढात बायको गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि तिथेच बसली, ती उठली नाही. मुलगा भर समुद्रात होता. त्याला घरी पोचायला चार दिवस लागणार होते. पाऊस कोसळत होता, आदल्या दिवसापासून वीज नव्हती आणि बर्फ कुठे मिळेना. भावकीतले थोरले म्हणाले, "या दिवसांत मयत ठेवून चालायचं नाय. पोरगा शिकलेला हाय, समजून घेईल." मी मान हलवली. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं.

मुलगा पाचव्या दिवशी आला. पायरीवर बॅग ठेवून म्हणाला, "माझ्यासाठी थांबला नाहीत." मी पावसाचं सांगितलं, विजेचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही. परत निघताना पेटीपाशी उभा राहिला. "आईच्या हातचं खाल्लेली आता हीच तेवढी उरलीय. सांभाळा." तीस वर्षं मीही तिच्याच हातचं खाल्लं होतं, पण ते त्याच्या हिशेबी नव्हतं. मला राग आला आणि मी तो गिळला.

त्यानंतर वर्षभर आमचं बोलणं म्हणजे त्या कोळ्याचं बोलणं. बोट बंदराला लागली की फोन यायचा. "खाल्लं तिने?" "खाल्लं." "पाणी आहे?" "आहे." एवढ्यावर फोन बंद. तरी तो फोन यायचा, आणि तो यायला हवा म्हणून मी या वयात टॉर्च घेऊन न्हाणीघरात झुरळं पकडत होतो.

या पावसाळ्यात घात झाला तो माझ्या काळजीमुळे. पेटीच्या भोकांतून मुंग्या आत शिरतील म्हणून मी ती कागदाने बुजवली. तिला तहान लागेल म्हणून पाणी जास्त ओतलं. आमच्याकडे श्रावणात पट्ट्याला, चपलांना, देवाच्या पोथीलासुद्धा बुरा येतो. तिथे बंद काचेत तिच्याखाली पसरलेला ओला काथ्याचा भुसा कसा वाचेल? पाण्याच्या बशीखाली पांढरे धागे दिसले. चार दिवसांत अर्ध्या भुशावर कापूस पसरला, आणि ती उरलेल्या कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसली.

मी फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "भोकं उघडा. भुसा सगळा काढा. पेटी पुसून कोरडा भरा, दुकानात कोकोपीट म्हणून मिळेल. मी गणपतीला येतोय."

दुकान मिरजोळ्याच्या रस्त्याला, स्कूटरवर वीस मिनिटं. पण माझं डोकं फिरलं. आंब्याची कलमं करण्यात माझा जन्म गेला आणि आता मी माती विकत आणायची? शेडमध्ये माझी चाळलेली, कोरडी माती पडलेली होती. कलमांच्या पिशव्या भरायला दर वर्षी पावसाआधीच करून ठेवतो. सगळ्या रत्नागिरीत त्या दिवशी एवढी कोरडी माती कुणाकडे नसेल, या तोऱ्यात मी घमेलं भरून आणलं. तिला डब्यात घेतलं, पेटी गरम पाण्याने धुतली, पुसली, माती भरली. बुरशीचा मागमूस उरला नाही. मुलाला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. वर्षात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काचेवर चढत होती आणि पडत होती. पाय थरथरत होते, आठांचा एकमेकांशी मेळ नव्हता. मला वाटलं, नवी जागा आहे, बावरली असेल. माती जरा सारखी करावी म्हणून हात घातला, बाहेर काढून नाकाशी नेला, आणि वास ओळखला.

वाळवीची पावडर. कलमाच्या मुळांना वाळवी लागू नये म्हणून ती मातीत आम्ही मिसळतोच. मे महिन्यात मीच, याच हातांनी, फावड्याने खालीवर करून मिसळली होती. भातात मीठ घालावं तशी ती घालतो, आणि मीठ घातल्याचं कोण लक्षात ठेवतं?

तिला बाहेर काढलं, कापसाने पाणी दिलं. दुपारपर्यंत तिने सगळे पाय पोटाखाली मुडपून घेतले.

खोटं सांगता आलं असतं. म्हातारी झाली होती, म्हटलं असतं तर चाललं असतं. पण बायकोने चार वर्षं जगवलेला जीव मी एका रात्रीत मारला होता, आणि हे ज्याला सांगायचं तो आधीच माझ्यावर रुसलेला. मी लिहिलं, "ती गेली. कलमांची माती भरली मी. पावडरची." दोन निळ्या खुणा उमटल्या. संध्याकाळी मी आणखी एक ओळ पाठवली, "तू येईपर्यंत ठेवतो." त्यालाही नुसत्या निळ्या खुणा.

आणि मी ठेवली. प्लास्टिकच्या डब्यात, कापूर घालून. या वेळी त्याच्याशिवाय काही उरकायचं नाही, असं ठरवलंच होतं. तिसऱ्या दिवशी तिच्या पायांच्या सांध्यांवर पांढरं दिसलं. बायको देवाची भांडी ज्या ब्रशाने घासायची त्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. मग रोजच येत राहिलं. उन्हाची तिरीप नव्हती की वाळवावं. आठव्या दिवशी पुसताना एक पाय ब्रशाबरोबरच निघून आला. मी तो जागच्या जागी ठेवला, पण त्यानंतर पुसायचा धीर झाला नाही.

दहाव्या दिवशी मुलगा आला. पायरीवर बॅग ठेवली, पाय धुतले. मी डबा पुढे केला. त्याने झाकण उघडलं. आत पाय दिसत नव्हते, केस दिसत नव्हते, नुसता पांढरा गोळा आणि कापराआडून येणारा वास. त्याने तोंड फिरवलं नाही.

मी म्हटलं, "तुझ्यासाठी ठेवली होती रे."

त्याने झाकण लावलं आणि डबा खाली ठेवला.

"बाबा," तो म्हणाला, "आईला ठेवलं नाहीत, ते बरं केलंत."

वर्षभर मी एवढ्यासाठीच फोन उचलत होतो. मी त्याच पायरीवर, त्याच्या ओल्या बॅगेशेजारी बसलो.