परदेशातल्या सदऱ्यांची गोधडी

आई वडिवळ्यात गोधड्या शिवते. मी रविवारी तळेगावहून जाऊन त्यांचे फोटो एका परदेशी संकेतस्थळावर टाकायची. तिथून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, नवरा गेला, त्याच्या सदऱ्यांची गोधडी करून द्याल का? संकेतस्थळाच्या करारातल्या अटी मी आईला मराठीत समजावल्या आणि तिने स्वतःच्या बोटाने 'मान्य' दाबलं. पुढे पोस्टाने सदरे आले. ते लगेच कापायला तिचा हात होईना. एकेकाची कॉलर सरळ करत ती बराच वेळ बसून राहिली.

गोधडी अर्धी झाली आणि आई बांधावरून घसरली. मनगट मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत मुदत टळली आणि ऑर्डर रद्द झाल्याचा निरोप आला. संकेतस्थळावरून बाईंना लिहायची सोयही त्याबरोबर बंद झाली.

वडगावच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने करार वाचला. फोनवर दाबलेलं 'मान्य' सहसा सहीसारखंच धरतात, म्हणाली. मुदत टळली की ऑर्डर रद्द, ही अट आपणच मान्य केलेली. शिवाय भांडायचं तर संकेतस्थळवाल्यांच्या देशातल्या कोर्टात. वडिवळ्यातून तिकडे कोण जाणार, आणि सदऱ्यांसाठी त्या बाई तरी इथे कशा येणार? कापड परत पाठवा आणि मोकळे व्हा, असा तिचा सल्ला होता.

मी आईला सगळं सांगितलं. तिने अर्धी गोधडी मांडीवर ओढली.

"करार मोडला आसंल," ती म्हणाली. "पर त्या बाईचा माणूस हाय ह्यो. असा अर्धा कसा धाडू?"

तिच्या बोटांत सुई ठरत नव्हती. मग ती सांगेल तसा धावदोरा मी घालू लागले. वाकडा गेला की ती उसवायची. गोधडी पुरी झाल्यावर सदऱ्यांच्या पार्सलवरच्या पत्त्यावर आम्ही ती पाठवली, आत माझा फोन नंबर टाकून.

एका रविवारी बाईंचा व्हिडिओ कॉल आला. ऑर्डर त्यांनी रद्द केलीच नव्हती, मुदत संपताच ती आपोआप झाली होती. सदरे गेलेच असं त्या धरून चालल्या होत्या. हे सांगताना त्यांनी गोधडीचा कोपरा गालाशी धरला.

आईला इंग्रजी येत नाही. ती फोनजवळ सरकली.

"बाय, जेवलीस का?"

मी इंग्रजीत विचारलं. नाही अजून, बाई म्हणाल्या. मग काय शिजवलंय ते आईने मला विचारायला लावलं.