ऑड्रीची खुर्ची

नॉर्मन सटक्लिफला बस चालवता यायची, म्हणून आपल्याला सगळंच येतं असं त्याला वाटायचं. यॉर्कशरच्या त्या उतारावरच्या गावात घरामागे सपाट जागा अशी नसतेच. बागेत खुर्ची टाकायची तर पुढून दगडांचा गडगा रचायचा, आत भराव घालायचा आणि वर फरशी बसवायची. नॉर्मनचा ओटा त्याच्या मेहुण्यानं, लेननं, असाच बांधून दिला होता. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड.

ओट्याच्या अगदी कडेला नॉर्मनच्या बायकोची, ऑड्रीची खुर्ची असे. संध्याकाळचा चहा ती तिथेच घ्यायची. ऑगस्टात समोरची टेकडी हेदरच्या फुलांनी जांभळी झाली की हाक मारायची, "नॉर्मन, ये ना बघायला!"

"बघितलीय," आतून उत्तर यायचं. आत फुटबॉल चालू असायचा.

एका वर्षी त्याच्या डोळ्यांत गडग्यातल्या फटी खुपायला लागल्या. गवत काय उगवतं, गोगलगायी काय राहतात! लेन बाहेरगावी गेलेला बघून त्यानं सगळ्या फटी सिमेंटनं लिंपल्या आणि स्वतःवरच खूश झाला. लेननं परत आल्यावर पबमध्ये चारचौघांत त्याला धरलं.

"अरे शहाण्या, पाणी आता कुठून बाहेर पडणार? तुझ्या खिशातून?"

"तुझ्या भिंतीत उंदीर होते, लेन."

"उंदीर परवडले. ते भिंत पाडत नाहीत."

सगळे हसले. नॉर्मनच्या ते जिव्हारी लागलं आणि दोघांचं बोलणंच बंद झालं.

पुढच्या दोन हिवाळ्यांत भरावात पाणी साचलं, गोठलं, आणि गडग्यानं पोट काढलं. कडेच्या फरश्या कलल्या. नॉर्मननं फळ्या ठोकल्या, टेकू लावले, दोरी बांधली आणि ऑड्रीची खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेऊन ठेवली. तिथून शेजाऱ्याची शेड तेवढी दिसायची.

नेमकी त्याच सुमारास ऑड्रीची नजर जायला लागली. डॉक्टर म्हणाले, "हे थांबणार नाही. दिसतंय तोवर बघून घ्या."

"लेनला बोलाव ना," ऑड्री म्हणाली. "त्याच्यापुढे एकदा मान खाली घातलीस तर झिजणार आहेस का?"

"मी करतो की. जरा ऊन पडू दे."

ऊन पडलं आणि गेलंही. टेकडी जांभळी होऊन विटली. नॉर्मननं आणखी एक टेकू लावला. असल्या हट्टाला काय म्हणावं! बायकोचे डोळे विझत होते आणि हा बाबा फळ्या ठोकत बसला होता. पुढचा उन्हाळाही असाच गेला. मग एका सकाळी ऑड्रीनं चहा कपाबाहेर ओतला आणि तशीच ओतत राहिली. तेव्हा कुठे नॉर्मननं फोन उचलला.

लेन आला. टोमणा मारला नाही, आणि तेच नॉर्मनला जास्त लागलं. लेननं सिमेंटसकट सगळं उकललं, पाया खणला, रुंद दगड खाली घेतले, प्रत्येक थर किंचित आत झुकवला आणि मागे खडी भरली. नॉर्मन मुकाट्यानं दगड देत राहिला. आठवड्याच्या आत कड उभी राहिली. एवढंसं काम होतं! नॉर्मनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं खुर्ची पुन्हा कडेला ठेवली आणि ऑड्रीला हात धरून आणलं. तिनं पायानं फरशी चाचपली, बसली आणि तोंड बरोबर टेकडीकडे केलं.

"जांभळी झालीय का रे?"

"हो, मस्त झालीय."

"सप्टेंबर संपत आला, नॉर्मन. आता ती तपकिरी असते."

इतकी वर्षं ती हाका मारत होती.

"बरं, खरं काय दिसतंय ते सांग," ती म्हणाली.

"मेंढ्या आहेत."

"कुठे?"

तिथल्या एकाही शेताचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. "तिथे... त्या तिकडे वर," तो म्हणाला, आणि त्यानं बोट करून दाखवलं.