सातवं उद्दिष्ट

"मागल्या दारान ये गो," भाटकारीण सोप्यावरून म्हणाली. "मुंडकाराचा चेडू मगे तू?"

माझ्या हातात आमच्या युवा आघाडीच्या उद्दिष्टांचा कागद. मीच टाइप केलेला. बैठक भाटकाराच्या घरी, कारण त्यांचा मुलगा आमचा अध्यक्ष. बाकीची पोरं समोरच्या पायऱ्या चढत होती. आणि मी? गेले की मागे! विहिरीला वळसा घालून, मुकाट. पंचवीस वर्षांची, मोपाच्या विमानतळावर नोकरी करणारी बाई. पाय आपोआप वळले. त्या पायांचा मला अजून राग येतो.

भाटकार म्हणजे जमीनमालक; मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा. पार्शात, या गावात, आमच्या चार पिढ्या अशाच गेल्या. घर आमचं, माती त्यांची. भिंतीचा एक चिरा बदलायचा तरी बाबा आधी परवानगी मागून येतात.

विमानतळ झाला आणि काजूंच्या बागेत परक्या गाड्या थांबू लागल्या. माणसं उतरत, आमच्या घराकडे बघत, न बोलता निघून जात. गेल्या महिन्यात कुणीतरी तुळशीपासून हातभर अंतरावर चुन्याची रेघ ओढून गेलं. बाबांनी कुणालाच विचारलं नाही. घाबरले होते. मीही.

म्हणून मी सातवं उद्दिष्ट लिहिलं: मुंडकाराचं घर मुंडकाराच्या नावावर.

स्वयंपाकघरातून आत पोचले तर मला खुर्ची नव्हती. उभ्यानेच वाचलं. गावच्या पोरांना नोकऱ्या. टाळ्या. डिचोलीतल्या खाणींची धूळ बंद. टाळ्या. सातवं वाचलं. एकही टाळी नाही.

अध्यक्ष हसला. "तुज्या बापाशीक विचारलंस?" कागद ओढून त्याने सातव्यावर पेनाने आडवी रेघ मारली. "गावच्या सभेत तूच वाच. मुंडकाराच्या चेडवान वाचल्यार बरां दिसतलां. फक्त ह्यां सोड."

चुन्याची रेघ कुणाची, ते मला तेव्हा कळलं.

"मी वाचूचंय नाय."

तिथे आणखी तीन मुंडकारांची पोरं होती. तिघंही जमिनीकडे बघत बसली. मी समोरच्या दाराने बाहेर पडले. चपला मागच्या दाराशीच राहिल्या. रस्ताभर खडे टोचत होते.

"माफी माग गो," संध्याकाळी बाबा म्हणाले. "आमकां भायर काडतले."

सकाळी दार उघडलं. माझ्या चपला अंगणात होत्या. नीट जोडून ठेवलेल्या, बरोबर चुन्याच्या रेघेवर. कुणी ठेवल्या, कधी? कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं. बाबा बघून आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत.

मी त्याच चपला घातल्या. कागद पुन्हा टाइप केला, सातवं पहिल्या जागी घेतलं. खाली माझं नाव, घर नंबर. आज मामलेदाराकडे घर नावावर करण्याचा अर्ज घालणार आहे. परतताना त्या तिघांच्या घरी जाणार आहे. त्यांनी मान खाली घातली तरी कागद हातात देणार आहे.

घर पाडायला जेसीबी येईल. येऊ दे. दारात मी उभी असेन, समोरच्या.