काठावरचे फोटो

बोईसर स्टेशनजवळच्या माझ्या एका मित्राच्या दुकानावर ‘डिजिटल विश्व’ अशी पाटी आहे. या विश्वात तिसरं गिऱ्हाईक मावत नाही. पूर्वी तो लग्नात म्हटलेली गाणी आणि फोटो एकाच सीडीवर भरून द्यायचा. गाणी साध्या प्लेअरवरही वाजावीत म्हणून आधी, आतल्या बाजूला. संगणकावर बघायचे फोटो नंतर, काठाशी.

परवा मी तिथे असताना एक कोळीण लेकीच्या लग्नाची सीडी घेऊन आली. गेलेल्या नवऱ्याचे फोटो तिच्याकडे तेवढेच होते. मित्राने सीडी शर्टाच्या टोकाने पुसली, लावली, काढून पुन्हा पुसली.

“खाऱ्या हवेनं काठ खाल्ला, मावशी. फोटो गेले. मीच काठाला ठेवले होते.”

“गाणी हायत ना? मग लाव की. दुसऱ्या गाण्यात माझा म्हातारा खोकलाय.”

खोकला आला. ती हसली. त्याच्या हातातलं शर्टाचं टोक मात्र सुटेना.