मेंढरांमागची खुर्ची

लकव्यानं आप्पांची उजवी बाजू गेली आणि त्यांनी एकच धोशा लावला. आप्पा म्हणजे माझे वडील. जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. पुढं घरात ज्यानं त्यानं मेंढरांमागची काठी खाली ठेवली. कुणी शेती धरली, मी रांजणगावच्या कंपनीत मेंटेनन्सला लागलो. कळप राहिला तो एकट्या चुलतभावाकडं, दादाकडं. दिवाळी झाली की दादा मेंढरं घेऊन कोकणात उतरतो, आणि दर साली आप्पा शिवेपर्यंत कळपामागं चालत जायचे. आता ओट्यावर बसून म्हणायचे, "औंदाबी शिवेपातूर जाणार. माझा मी. कुणाचा हात नगं."

मला कॉलेजपासून रोबोटचं वेड. एकमेकांना रिंगणाबाहेर ढकलणारी चाकांची डबडी बनवायची, त्यांच्या मोटरींना वेग किती द्यायचा ते एका बोटाएवढ्या मायक्रोकंट्रोलरमध्ये लिहायचं. आई म्हणायची, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." म्हटलं, आता दाखवतो तुंबडी कशी कामाला येते! शिक्रापूरच्या भंगारातून गाडीच्या वायपरच्या दोन मोटरी आणल्या, लोखंडी खुर्चीला चाकं लावली, मोटरीपासून चाकापर्यंत सायकलची चेन ओढली. आप्पांच्या डाव्या हाताशी एक छोटी दांडी. दांडी जेवढी पुढं दाबाल तेवढा वेग, सोडली की शून्य. कुणीही लिहील असा कोड. पण पहिल्याच दिवशी खुर्चीनं असा हिसका दिला की आप्पांचं मुंडासं मागं पडलं. मी धावत जाऊन खुर्ची धरली. त्यांना मात्र मजा वाटली.

"बुजाट खोंड हाय," म्हणाले. "मला मेंढराची चाल पायजे, लेका."

मग वेग एकदम न देता हळूहळू चढेल असं लिहिलं. एका सुट्टीच्या दिवशी दादाच्या कळपामागं मी नुसता चालत राहिलो, आणि घरी येऊन खुर्चीला तीच चाल बसवली. आप्पांना ती पसंत पडली. कितीतरी महिन्यांनी ते पोटभर जेवले.

तेव्हा दादानं मेंढरं ओढ्यापलीकडच्या एका रानात खतासाठी बसवली होती. आप्पा खुर्ची चालवत तिकडं निघाले, मी जरा मागं. बांधापाशी पोहोचलो आणि सगळा कळप ताडकन उठला. आप्पांच्या हातचं मीठ चाटून वाढलेल्या म्हाताऱ्या मेंढ्यासुद्धा अंग चोरून पलीकडच्या कडेला पळाल्या. आप्पांनी जीभ टाळूला लावून हाक दिली, पुन्हा दिली. एकही वळली नाही.

"वळखलं न्हाई मला," आप्पा म्हणाले.

दोष खुर्चीचा होता, ते मला लगेच कळलं होतं. वेग कमी ठेवायचा तर कंट्रोलर मोटरीची वीज सेकंदाला शेकडो वेळा लावतो आणि तोडतो, आणि मोटर त्याच सुरात बारीक किणकिणते. मला ते ऐकू यायचं. आप्पांचे कान जड, त्यांना नाही. मी समजावलं तर म्हणाले, "मला तर काय ऐकू येत न्हाई. उगं समजूत घालू नगं." आपलीच मेंढरं आपल्याला विसरली, हेच त्यांनी धरलं. त्या दिवसापासून जेवण पुन्हा निम्म्यावर आलं.

मी इरेला पेटलो. कोडमध्ये तो लावण्या-तोडण्याचा आकडा वाढवत वाढवत माणसाच्या कानापलीकडं नेला. किणकिण गेली! खुर्ची अगदी मुकी झाली. मी स्वतःवर इतका खूश होतो की आप्पांना अंघोळ घालून, धुतलेला सदरा चढवून रानात घेऊन गेलो. आणि कळप पुन्हा उधळला, आधीपेक्षा लांब.

दादाचा कुत्रा मात्र जागचा हलला नव्हता. आप्पांचं बोट दांडीला लागलं की चाक फिरायच्या आधीच त्याचे कान मागं चिकटायचे. बोट सुटलं की कान वर. मी ते बघत उभा राहिलो आणि स्वतःला शिव्या घातल्या. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! आवाज गेला होता तो माझ्यापुरता. जनावराचा कान आपल्यापेक्षा कितीतरी वर ऐकतो, आणि मी आवाज नेमका तिथं नेऊन ठेवला होता. त्याच्याही वर न्यायला गेलो तर कंट्रोलर धूर सोडून जळाला. दुसरा बसवून तो आकडा अगदी खाली आणला तर खुर्ची उचक्या देत चालायला लागली, आप्पांची मान लटलटायची. एवढ्यात दिवाळीचा पाडवा आला. मेंढरं रंगवली, ओवाळली. आप्पा ओट्यावरून उठले नाहीत.

दादा कोकणात निघायच्या सकाळी आप्पांना रस्त्याच्या कडेला नेऊन खुर्ची बंद केली. कळप आला. आधी एक म्हातारी मेंढी, मग बाकीच्या. आप्पांच्या निकाम्या उजव्या हाताला तोंडं लागली. "आली बघ. वळखलं बघ मला," म्हणत ते ढसाढसा रडले, आणि मीही रडलो, लपवायचं कशाला!

दादानं शीळ घातली. कळप पुढं निघाला. आप्पांनी दांडीवर अंगठा ठेवला, मेंढरांकडं पाहिलं आणि अंगठा काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे. घरी चल."

माझं डोकं फिरलं. बंद मोटरीला जुंपलेली चाकं ढकलून फिरत नाहीत, म्हणून पाना काढला आणि दोन्ही चेनी उतरवून टाकल्या. "आप्पा, मी ढकलतो."

"हात नगं म्हणलो हुतो." कळपातलं शेवटचं मेंढरू पुढं गेलं. मग म्हणाले, "बरं. पर मागंच ऱ्हा. मला दिसू नगंस."

मी मागं राहिलो. धुरळ्यात चाकं आपली आपण फिरू लागली आणि एकाही मेंढीनं कान हलवला नाही. थोडं गेल्यावर मला दिसलं, आप्पांचा अंगठा दांडीवर होता. आत वीज नव्हती, कोड नव्हता, पण ते दांडी दाबत होते. मी तिच्याकडं बघून चालायला लागलो. जास्त दाबली की पाय उचलायचो, सैल सोडली की थांबायचो. मेंढरं घास घ्यायला थांबली की आम्हीही थांबायचो. आप्पांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

शिवेवर डांबरी रस्ता आहे. उसाच्या ट्रॉल्या खेटून चालल्या होत्या. दादानं हात आडवा करून त्या थांबवल्या, कळप पलीकडं गेला, आणि ट्रॉल्या पुन्हा सुरू झाल्या. मी खुर्ची थांबवली. आप्पांनी दांडी पुढं दाबली होती. कळप दिसेनासा झाला तरी दाबूनच धरली होती.